लवकर पोचलेला भाऊ

तिला सगळे तिकीटताई म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. पाटीवर 'विमान तिकिटे मिळतील' एवढंच, तेही उन्हानं फिकट झालेलं. दुकान म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे जाणारा जिना आणि किल्ल्या बनवणारा यांच्यामध्ये अंग चोरून उभी असलेली एक खोली. काचेचं दार ओढायचं असे आणि नवीन माणूस हटकून ढकलत बसे. आत एक टेबल, दोन खुर्च्या, त्यातली एक लंगडी, आणि भिंतीवर जगाचा नकाशा. नकाशावरचे समुद्र आधी विटले होते, जमीन अजून बरी होती.

हल्ली फोनवर बोट फिरवलं की तिकीट निघतं, मग हिच्याकडे कोण येणार, असं लोक म्हणत आणि बोट फिरवताना काहीतरी चुकलं की हिच्याकडेच येत. म्हातारी माणसं तर सरळ येत. ती विचारत, "काय हो ताई, लेकीचं गाव किती लांब आहे?" त्यावर तिचा ठरलेला उलटा प्रश्न असे, "कसलं लांब सांगू? किलोमीटरचं, उडण्याच्या तासांचं, की दारापासून दारापर्यंतचं?"

हा तिचा स्वतःचा हिशेब होता. किलोमीटर फुशारकी मारायला, उडण्याचे तास कंपनीच्या जाहिरातीला, आणि दारापासून दारापर्यंतचे तास माणसाच्या कंबरेला, असं ती म्हणे. जाताना वारा समोरून असला की तेवढ्याच अंतराला तासभर जास्त, येताना तोच वारा पाठीशी. मधल्या विमानतळावर बाकावर काढायचे तास वेगळेच. तपासणीच्या रांगा, सामानाचा पट्टा, बाहेरची टॅक्सी हे सगळं धरून ती आकडा सांगे आणि वर एक तास 'नशिबाचा' म्हणून जोडे. गिऱ्हाईक घासाघीस करू पाही, जणू तासही कमी करून मिळतात. मिळत नसत.

यातलं सगळ्यात लांबचं गणित तिच्या घरातलंच होतं. तिचा धाकटा भाऊ समुद्रापार नोकरीला होता. त्याचं पहिलं तिकीट तिनंच काढलं होतं आणि त्या दिवशी दुकानात पेढे वाटावेत तसा तो आकडा वाटला होता: साडेतेरा हजार किलोमीटर. एक विमान बदलायचं, उडण्याचे सतरा तास, दारापासून दारापर्यंत पंचवीस. बाबांनी तो आकडा पाठ केला. बाबा गोदामावर स्टोअरकीपर होते, आकडे त्यांना आवडत. कोपऱ्यावरच्या बाकावर बसणाऱ्या निवृत्त मंडळींत प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असे, कुणाकडे नवा चष्मा, कुणाकडे जुनी शुगर. बाबांकडे साडेतेरा हजार किलोमीटर होते. घरात राहून त्यांची बनियनं धुणारी, औषधं देणारी मुलगी शून्य किलोमीटरवर होती, त्यामुळे तिचा विषय निघत नसे. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

तिला त्याचं फार वाईट वाटत नसे. भावावर तिचा जीव होता. आई गेली तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोचला आणि आत्यानं दारातच त्याला बोलायला सुरुवात केली, तेव्हा ही मध्ये पडली होती. "आत्या, पंचवीस तास लागतात गं. तो काय मुद्दाम उशिरा आला का?" नातेवाइकांत कुणीही त्याला नाव ठेवलं की ही वकीलपत्र घेऊन हजर. माणूस लांब असला की त्याच्याकडून काय मागायचं आणि काय नाही, हे तिला धंद्यानं शिकवलं होतं. त्यानं फोनवरून सल्ले द्यायचे, "मीठ कमी कर, त्यांना चालायला ने, डॉक्टर बदलून बघ," आणि हिनं "बरं" म्हणायचं. उंटावरून शेळ्या हाकतोय, हे तिलाही कळत होतं. पण उंट साडेतेरा हजार किलोमीटरवर असल्यावर त्याला बोल कसा लावणार?

दोनतीन वर्षांपूर्वी त्यानं सांगितलं, "ताई, आता माझी तिकिटं कंपनीच काढते, तू त्रास घेऊ नकोस." तिला थोडं लागलं. तेवढंच एक काम त्याचं तिच्या हातात होतं. पण कंपनी काढतेय तर चांगलंच आहे, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

गेल्या वर्षी तिच्या आयुष्यात एक गोष्ट घडता घडता राहिली. हे दुकान तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं मिळून उघडलं होतं. मैत्रीण पुढे मोठ्या शहरात गेली, तिथे तिनं सहली काढायचा धंदा जमवला, आणि गेल्या वर्षी तिनं हिला फोन केला. "मला विश्वासाचं माणूस हवंय. तू ये. भागीदार म्हणून ये, नोकर म्हणून नाही. लोकांना घेऊन तुलाच जायचंय." आयुष्यभर दुसऱ्यांना खिडकीजवळची जागा काढून दिलेल्या बाईला हे वाक्य ऐकून काय वाटलं असेल ते सांगायला नको. दोन दिवस ती दुकानात चुकीची बटणं दाबत होती.

मग तिनं भावाला फोन लावला, स्पीकरवर. बाबा शेजारीच खुर्चीत बसले होते. ती म्हणाली, "सहा महिने बाबांना तुझ्याकडे ठेवशील का? माझं तिथे बस्तान बसलं की मी त्यांना घेऊन जाईन."

भाऊ म्हणाला, "ताई, मी नाही म्हणत नाहीये. पण तूच सांग, एवढा प्रवास त्यांना झेपेल का? तू रोज लोकांना सांगतेस ना, दारापासून दारापर्यंत."

त्यानं तिचंच वाक्य तिच्यापुढे ठेवलं. तिनं बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली, "नाही गं पोरी, मला नाही झेपायचं." आणि गुडघा चोळायला लागले. तिनं मैत्रिणीला नाही म्हणून कळवलं. त्या रात्री बाबांनी तिला स्वतः उठून पाणी आणून दिलं होतं. तिला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं.

तर अशी ही तिकीटताई, वय शेहेचाळीस, आणि एके दिवशी दिवेलागणीला बाबांच्या छातीत कळ आली.

पुढचे दोन तास कसे गेले ते तिला नीट आठवत नाही. रुग्णवाहिका, सरकती खाट, सह्या. दाखल करताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कोण आहे?" त्या अवस्थेतही बाबा खाटेवरून पुटपुटले, "मुलगा आहे. साडेतेरा हजार किलोमीटरवर." डॉक्टरीणबाईंनी तो आकडा काही लिहून घेतला नाही. बाबांना आत नेल्यावर तिनं भावाला फोन केला. तो फोनवर रडला. लहानपणी पडल्यावर रडायचा तसा, नाक ओढत. "मी निघतो ताई, लगेच निघतो," म्हणाला.

आत्या आली होती. तिनं विचारलं, "कधी पोचेल गं?" तिकीटताईनं मनातल्या मनात गणित मांडलं. तिकडे आता पहाट. दुपारचं विमान मिळालं तर मिळालं. "परवा सकाळच्या आधी त्याची वाट बघू नकोस," ती म्हणाली.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी धोका टळल्याचं सांगितलं. हृदयाकडे जाणारी एक नळी तुंबली होती, ती मोकळी केली होती. दोनचार दिवसांत घरी जाता येईल. तिकीटताईनं भिंतीला टेकून डोळे मिटले. उघडले तेव्हा व्हरांड्याच्या टोकाकडून तिचा भाऊ धावत येत होता.

तिनं काही विचार न करता त्याला मिठी मारली. तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होता आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. आत्या तर भारावून गेली. "बघ, बापाचं नाव निघालं आणि पोरगं वाऱ्यासारखं आलं. तू उगाच परवा परवा करत होतीस. विमानं किती सुधारली बाई आता."

"हो," तिकीटताई म्हणाली. आणि तिचा हात भावाच्या पाठीवर थांबला.

त्याच्या शर्टाला इस्त्रीची घडी होती. बाहीवर सरळ, कडक घडी. पंचवीस तासांचा प्रवास केलेल्या माणसाच्या अंगावर अशी घडी तिनं कधी बघितली नव्हती. अशा माणसांचे ओठ फुटलेले असतात, बूट घट्ट झालेले असतात, डोळे लाल असतात. याचे डोळे लाल होते, पण रडून. खांद्याला ऑफिसला न्यायची असते तसली पिशवी होती आणि अंगात साधा स्वेटरही नव्हता. तो निघाला म्हणतो तिथे आत्ता हिवाळा होता.

तिनं त्याची बाजू घेऊन बघितली, जुनी सवय. कंपनीच्या कामानं आधीच जवळ कुठेतरी आला असेल. आपल्याला अचानक भेटून चकित करायला निघाला असेल. पण मग काल फोनवर तसं म्हणाला का नाही? आल्या आल्या सांगितलं का नाही? आत्या म्हणत होती, "दमला असशील रे, एवढ्या लांबून," आणि तो मान खाली घालून म्हणत होता, "दमायला काय झालं आत्या, बाबांपुढे." इथे कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते शोधायला तिला काही नकाशा लागणार नव्हता.

ती त्याला खाली कॅन्टीनमध्ये घेऊन गेली. स्टीलचं टेबल, कागदी कप, पलीकडे कुणाचे तरी नातेवाईक बिस्किटांचा पुडा फोडत बसलेले. त्यानं दोन टोस्ट खाल्ले. ती त्याला गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारू लागली, आवाज न चढवता.

"कुठल्या विमानानं आलास?"

"त्या... नेहमीच्याच."

"मध्ये कुठे बदललंस?"

"बदललं नाही. थेट होतं."

"थेट विमान नाहीये तिथून," ती म्हणाली. "कधीच नव्हतं."

लबाडी पकडली गेली की माणसाची पाचावर धारण बसते म्हणतात, पण याचा चेहरा उलट सैल पडला. फार दिवस हातात धरलेलं ओझं खाली ठेवल्यावर पडतो तसा.

"अडीच वर्षं झाली ताई," तो म्हणाला. "तिकडचं काम गेलं. बायको-पोरीला घेऊन परत यावंच लागलं. इकडे देशातच एक नोकरी मिळाली, त्याच गावी राहतो. सकाळच्या पहिल्या विमानानं आलो. काल तुझा फोन आला आणि मला काही सुचेना. बाबा जातात की काय, एवढंच डोक्यात होतं."

"विमानानं किती वेळ लागतो तुझ्या गावाहून?"

"दोन तास."

एवढी मोठी थाप अडीच वर्षं सांभाळणारा माणूस एका सकाळी लांब असायचं विसरला होता. बापावरच्या मायेनं त्याला उघडं पाडलं. तिला हे कळत होतं, आणि म्हणूनच त्याच्यावर धड ओरडताही येईना. तिच्या डोळ्यांपुढे गेली अडीच वर्षं उलटी चालू लागली. सकाळच्या फोनवर त्याच्या जांभया, "इथे रात्र आहे गं, झोपतो आता." त्या जांभया तो खुर्चीत बसून, ऑफिसला जायचे कपडे घालून देत होता. ती मात्र फोन आवरता घ्यायची, त्याची झोपमोड नको म्हणून.

"का रे?" ती म्हणाली.

"आधी लाज वाटली. इतक्या गाजावाजानं गेलो आणि हात हलवत परत आलो. म्हटलं, स्थिरस्थावर झालो की सांगू. मग सांगायला उशीर झाला. आणि मग..." तो थांबला. "मग सोयीचं झालं. जवळ आहे म्हटल्यावर सगळं आलंच ना, बाबांचं. आमच्या घरात ते जमण्यासारखं नव्हतं. तुझ्या भावजयीनं स्पष्ट सांगितलं होतं."

"गेल्या वर्षी मी फोन केला, तेव्हा तू तिथेच होतास? दोन तासांवर?"

त्यानं होकाराची मान हलवली.

तिला रडू आलं नाही. राग आला, तोही उशिरा, पायाकडून वर चढत. ज्याच्या बाजूनं ती सगळ्या गोतावळ्याशी भांडली, त्यानं तिच्याच तासांनी तिला घरात डांबलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तिनं कागदी कप चुरगाळला. त्यात चहा होता, तो हातावर सांडला.

"ताई, बाबांना—" तो म्हणू लागला.

"बाबांना मी सांगेन," तिनं त्याला तोडलं. "तू तोंड उघडायचं नाहीस. त्यांच्या छातीला आत्ता धक्का सोसणार नाही. अडीच वर्षं ते बाकावर बसून लोकांना तुझे किलोमीटर सांगतायत. तुला काय कळतंय का?"

"ताई, तू नको सांगूस, ऐक तरी—"

"गप्प बस म्हटलं ना."

ती जिना चढली. चढता चढता तिनं वाक्यं जुळवली. आधी म्हणायचं, तुमच्यासाठी एक आनंदाची गोष्ट आहे. मग म्हणायचं, तो आता जवळ आलाय, बदली झाली. केव्हा ते लगेच सांगायचं नाही. नोकरी गेली हे तर मुळीच नाही. आपल्याला ज्यानं फसवलं त्याच्यासाठी आपणच नवी थाप शिवतोय, हे तिच्या ध्यानात आलं, पण बाबांचं हृदय महत्त्वाचं होतं. आत्या घरी आंघोळीला गेली होती. खोलीत बाबा एकटेच होते, उशीला टेकून, चेहरा धुतलेला. तिनं हात पुसला आणि खाटेच्या कडेला बसली.

"बाबा, तो आलाय. खाली आहे."

"आला?" बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लगेच आला की. सकाळचं विमान मिळालं वाटतं." गोळ्यांनी त्यांची जीभ जड झाली होती, शब्द सैल सुटत होते. "एकटाच आला ना? बरं केलं. छोटीची परीक्षा असेल. इकडच्या नव्या शाळेत आत्ता कुठे रुळलीय ती."

तिनं जुळवलेली वाक्यं तोंडातच राहिली.

"कुठली नवी शाळा, बाबा?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. एकदा दाराकडे बघितलं. मग चादरीच्या कडेवर बोटं फिरवायला लागले. स्टोअरकीपर माणूस, मालात खोट निघाली की ती कुणाच्या माथी लागणार हे त्यांना लगेच कळत असे.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

तिच्या पायाखालची जमीन सरकली ती आत्ता. भाऊ तर भाऊच, संसारी माणूस, बायकोपुढे मुका. पण हे? ज्यांच्या पायाला ती रोज तेल लावत होती, ज्यांच्या गोळ्यांच्या वेळा तिला स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्क्या ठाऊक होत्या, ते बाबा गेल्या वर्षी त्या फोनच्या वेळी शेजारी बसून मान हलवत होते. काल खाटेवर पडल्या पडल्या, मरणाच्या दारातूनसुद्धा, त्यांनी तो खोटा आकडा सांगितला होता. तो बढाईचा आकडा नव्हता. तिनं घरातून बाहेर पडू नये म्हणून दाराला लावलेली कडी होती ती. आणि तिनंच आणून दिलेली.

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून," बाबा म्हणाले. "त्यानं मलाच आधी सांगितलं. तुला सांगतो म्हणत होता. मीच म्हटलं, नको."

"का?"

"त्यानं मला ठेवून घेतलं नसतं, पोरी. मला माहितीय तो. आणि तू..." त्यांचा आवाज बारीक झाला. "तू म्हणाली असतीस, आता तो आहे जवळ, बघेल तो. आणि गेली असतीस. मग माझं काय? मला तुझ्या हाताची सवय झालीय."

हे त्यांनी मायेनं सांगितलं. त्यात तिचं कौतुक आहे असंच त्यांना वाटत होतं. दारात भाऊ येऊन उभा राहिला होता. तो आत येईना आणि परतही जाईना. खाली कॅन्टीनमध्ये 'बाबांना' म्हणून त्याला काय सांगायचं होतं ते आता उघड झालं होतं.

बाबांनी तिचा चहा सांडलेला हात हातात घेतला. "खरं सांग, तुला कळलं असतं तर तू राहिली असतीस का?"

तिनं खरंच विचार केला. उगाच लागेल असं बोलायचं म्हणून नाही. तिला स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं. तिनं मैत्रिणीचा फोन आठवला, ते दोन दिवस आठवले, आणि स्वतःला बऱ्यापैकी ओळखून असल्यामुळे उत्तरही सापडलं.

"राहिले असते, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं म्हटलं असतंत, की मला सोडून जाऊ नकोस, तर राहिले असते. कुरकुर केली असती, पण राहिले असते. तुम्ही विचारलंच नाहीत."

ही शक्यता बाबांच्या मनात कधी आलीच नव्हती. त्यांनी तिचा हात आणखी घट्ट धरला. "मग आता विचारतो," ते म्हणाले. "राहा ना, पोरी."

तिनं त्यांच्या बोटांतून आपला हात हळूच सोडवून घेतला, त्यांची उशी नीट केली, आणि भावासाठी खाटेच्या कडेची आपली जागा मोकळी करून दिली.